म्हणजे तुला असं म्हणायचंय की…

ठकीचा मुख्य विषय रसायनशास्त्र. संवादशास्त्र तिनं मायनर म्हणून घेतलं, ते त्यात गणितं नव्हती म्हणून. पण पहिल्या दोन महिन्यांतच तिला तो विषय मनापासून आवडला आणि तिथंच घात झाला.

मॅडमनी गृहपाठ दिला. पंधरा दिवस घरातल्यांचं नीट ऐकायचं, सल्ला द्यायचा नाही, आणि बोलण्यामागची भावना ओळखून ती त्या माणसालाच शब्दांत परत सांगायची.

ठकीनं सुरुवात आत्यापासून केली. आत्या प्रसूतिगृहात नर्स. ड्यूटी संपली की रोज भावाकडे डोकवायची, चहा घ्यायची आणि दिवसभराचं सगळं सांगून मोकळी व्हायची. ठकीचे वडील तोवर खालचं चष्म्यांचं दुकान बंद करून वर आलेले असत. हातातल्या चष्म्याच्या काडीचा स्क्रू आवळत ते नुसतं हं हं करत. वीस वर्षं हे असंच चाललं होतं. त्या दिवशी आत्या म्हणाली, की माळा आवरायला शिडी हवी म्हणून ती चारदा सांगून गेली, पण दादाच्या काही लक्षात राहत नाही.

ठकीनं मान किंचित तिरकी केली. "म्हणजे तुला असं म्हणायचंय, की या घरात तुला आता कुणी विचारत नाही?"

आत्या थबकली. तिला फक्त शिडी हवी होती. पण चहा संपेपर्यंत ती विचारात पडली, मग म्हणाली, "तू म्हणतेस तर तसंच असेल बाई." आणि शिडी न घेताच निघून गेली. ठकीनं वहीत लिहिलं : भावना अचूक ओळखली.

पुढचे दोन दिवस आत्या फिरकली नाही. वडील म्हणाले, शिडीपायी कुणी रुसतं का? ठकी वही घेऊन त्यांच्यासमोर बसली.

"म्हणजे बाबा, आत्या तुम्हाला गृहीत धरते याचा तुम्हाला राग येतो?"

"येत नव्हता," वडील शांतपणे म्हणाले. "आता येतोय."

मग त्यांना एकेक आठवू लागलं. आजीच्या आजारपणात बहिणीनं परस्पर डॉक्टर बदलला होता, इथपर्यंत ते मागं गेले. रविवारी त्यांनी शिडी स्वतः खांद्यावरून नेली, बहिणीच्या दाराला टेकवली आणि बेल न वाजवता परत आले. दादाला आता आपलं तोंडही बघायचं नाही, असा आत्यानं त्याचा अर्थ लावला. तिनं तसं ठकीच्या आईला फोनवर सांगितलंही.

आईनं फोन ठेवला आणि लेकीकडे पाहिलं. "वीस वर्षं त्या दोघांना एकमेकांच्या मनातलं काही कळत नव्हतं. म्हणून तर छान चाललं होतं ना गं."

गृहपाठाला दहापैकी नऊ गुण मिळाले. खाली मॅडमचा शेरा होता : घरातल्या संवादात लक्षणीय बदल. तो वाचून ठकीला इतकी लाज वाटली, की ती कॉलेजातून थेट आत्याकडे गेली. माफीची चार वाक्यं तिनं वाटेत घोकली होती. दार उघडल्यावर त्यातलं एकही आठवलं नाही.

"चुकलं माझं, आत्या. तू शिडीच मागत होतीस."

"शिडीच मागत होते," आत्या म्हणाली. "पण तू बोललीस ते अगदीच खोटं नव्हतं गं. म्हणून तर लागलं."

ठकीनं या खेपेला काहीच परत सांगितलं नाही.

आठवड्याभरानं आत्या पुन्हा येऊ लागली. आजकाल कॉलेजात पोरींना काय भलतंसलतं शिकवतात, या विषयावर भावाबहिणीचं पूर्ण एकमत झालं होतं. ठकीला स्वयंपाकघरात दोघांचं हसणं ऐकू आलं. तिला हायसं वाटलं. चहा घेऊन ती बाहेर आली, तशी दोघं एकदम गप्प झाली.

"काही नाही गं," आत्या म्हणाली, "आज हवा बरी आहे, एवढंच म्हणत होतो."

ठकीनं कप ठेवले आणि ती आत गेली. तिनं दार लोटून घेतल्यावर बाहेरचं बोलणं पुन्हा सुरू झालं.