अजिनाथरावांच्या बंदुकीचे दोन इंच

अजिनाथ दहिफळे यांनी नवी दुनळी बंदूक घरात आणली, तेव्हा त्यांच्या बायकोनं, लंकाबाईंनी, ती उजेडात धरून पाहिली आणि विचारलं, "ही कोंबडी कशाला काढलीय हिच्यावर?"

"कोंबडी न्हाई, तित्तर हाय तो! सोनेरी तारेत कोरलाय."

"तित्तराला तुरा कधीपासनं आला?"

सासरच्यांनी सुनेत खोट काढली की माहेरचा माणूस जसा विषय बदलतो, तसा अजिनाथरावांनी विषय बदलून चहा मागितला.

पाथर्डीच्या पूर्वेला डोंगराच्या कडेनं त्यांचं पाच एकर रान होतं. हरभऱ्यात रानडुकरं शिरायची, म्हणून वडिलांच्या काळापासून घरात पीक राखण्याचा परवाना आणि एक जुनी एकनळी होती. डुकरं आली की हवेत बार काढायचा. मग डुकरं शेजारच्या भिमाजीच्या रानात जायची. एवढंच त्या बंदुकीचं काम होतं आणि ते ती चोख करत होती.

पण दिवाळीच्या सुमारास मोबाईलवर एक जाहिरात आली. तीत गॉगल लावलेला एक रुबाबदार गडी आकाशात उडणाऱ्या मातीच्या चकत्या फोडत होता. खाली लिहिलं होतं, 'स्पोर्टिंग मॉडेल. तीस इंची नळी, एकच चाप, वजन पावणेतीन किलो, अस्सल अक्रोडाचा दस्ता, काडतूस आपोआप बाहेर, धक्का फुलासारखा.' अजिनाथरावांनी ती जाहिरात इतक्यांदा वाचली, की महिनाभरात त्यांना ती आरतीसारखी पाठ झाली. शेवटी सगळे अर्जफाटे करून, जुनी एकनळी दुकानात जमा करून, त्यांनी नगरला सावेडीतल्या 'शौर्य शस्त्रभांडार'मधून तीच बंदूक घेतली.

दुकानदार हर्षलनं पेटी उघडली आणि अजिनाथरावांची नजर सोनेरी तित्तरावर पडली, ती तिथंच राहिली. बाकी बंदूक त्यांनी पाहिलीच नाही. हर्षलनं बिलावर जाहिरातीतला मजकूर शब्दन् शब्द उतरवला. बिलावरून कचेरीतल्या कारकुनानं तो परवान्याच्या पुस्तकात उतरवला. बंदूक मोजायचं मात्र कुणाच्याच मनात आलं नाही.

रविवारी सकाळी बंदुकीची परीक्षा ठरली. चकत्या नव्हत्या, म्हणून भिमाजी दिवाळीतल्या पणत्या घेऊन आला.

"दाजी, चाप दोन दिसत्यात की हिला," भिमाजी म्हणाला.

"एकच चाप म्हंजी एका टायमाला एकच वढायचा. तू पणती उडव!"

भिमाजीनं पणती उडवली. बार झाला. अजिनाथराव बांधावर उभे होते, ते पाण्यानं भरलेल्या पाटात बसलेले आढळले. पणती मऊ ढेकळांवर अलगद उतरली.

"पणती शाबूत हाय," भिमाजीनं खबर दिली. "तुमी कसे हाय?"

"फुलासारखा... धक्का," अजिनाथराव खांदा चोळत म्हणाले. उजव्या गालावर दस्त्याचा तपकिरी रंग उतरला होता, आणि दस्त्याचं उघडं पडलेलं लाकूड अक्रोडापेक्षा बाभळीच्या जास्त नात्यातलं दिसत होतं.

मग त्यांनी बंदूक मधोमध मोडून उघडली आणि काडतूस आपोआप बाहेर येण्याची वाट पाहू लागले. मिनिट गेलं. दोन गेली.

"येईल," ते म्हणाले. "नवीन हाय. लाजतंय."

अखेर लंकाबाईंनी चुलीपासून सांडशी आणली आणि रिकामं काडतूस दात उपटावा तसं उपटून काढलं.

अजिनाथरावांनी हर्षलला फोन केला. "काका, नवी वस्तू आहे. हळूहळू रुळेल," हर्षल म्हणाला. अजिनाथरावांनाही तेच ऐकायचं होतं. प्रकरण तिथंच मिटलं असतं, पण नवी बंदूक पोलीस ठाण्यात दाखवायची होती.

ठाण्यात हवालदार मोनिका गिते होत्या. पुस्तकातलं एकेक कलम बोटानं दाबत वाचायची त्यांची सवय होती. त्यांनी टेप काढली आणि नळी मोजली. पुन्हा मोजली. मग टेपच तपासली.

"काका, पुस्तकात नळी तीस इंच आहे. ही अठ्ठावीस भरतीय."

"आसंल की म्याडम. दोन इंचानं काय हुतंय?"

"काय होतंय? नळी कापून आखूड करणं गुन्हा आहे. कुणाकडून कापून घेतली?"

चाळीस वर्षांत त्या परवान्यावर शाईचा डाग पडला नव्हता. वडिलांनी तो देवघरात ठेवला होता.

"म्याडम, आईशपथ! मी साधी पेरूची फांदी कापत न्हाई!"

"शपथ कागदाला लावता येत नाही. बंदूक इथं राहू द्या. आठ दिवसांत दुकानदाराचं लेखी आणा, की ही आधीपासून अठ्ठावीसच होती. नाहीतर मला वर कळवावं लागेल."

अजिनाथराव जीपनं गावात उतरले, तोवर बातमी त्यांच्या आधी उतरली होती. पारावर एकानं "करवतीनं कापली का ग्राइंडरनं?" असं चौकशीच्या सुरात विचारलं. भिमाजी तर घरीच येऊन बसला होता.

"दाजी, झालं ते झालं. पण त्या दोन इंचाच्या तुकड्याचं काय केलंत?"

लंकाबाईंनी भिमाजीला चहा न देता वाटेला लावलं. रात्री डुकरं निवांत हरभऱ्यात चरून गेली.

दुसऱ्या दिवशी अजिनाथराव सावेडीत हर्षलच्या दुकानात हजर झाले.

"अठ्ठावीस?" हर्षल दचकला, पण लगेच सावरला. "काका, थंडी किती आहे बघा. थंडीत लोखंड आकसतं."

"दोन इंच?"

"डोंगराकडं जास्त थंडी असते ना."

"आरं, मग तसंच लिहून दे!"

"लिहून कसं देऊ? बिलावर माझी सही आहे तीस इंचाची. लिहून दिलं तर मी खोटा ठरतो."

"आन् न्हाई दिलं तर मी आत जातो!"

हर्षलनं त्यांना पाणी दिलं, कॅलेंडर दिलं, पण पत्र दिलं नाही. अजिनाथराव तेच कॅलेंडर काखेत घेऊन ठाण्यात गेले आणि बाकावर बसून राहिले. शेवटी मोनिकाबाईंनीच फोन लावून हर्षलला बोलावून घेतलं.

हर्षल दुपारी आला तो तयारीनिशी. "मॅडम, मोजायची पद्धत वेगळी आहे. आमची कंपनी चापापासून मोजते."

"असं?" मोनिकाबाईंनी टेप गुंडाळून खिशात टाकली. "मग तुमच्या दुकानातल्या सगळ्याच बंदुका मोजून घेऊ. गाडी काढायला सांगते."

हर्षलनं खिशातलं पेन काढलं आणि तो म्हणाला, "मॅडम, कोरा कागद आहे का?"

तो लिहू लागला, 'सदर बंदुकीची नळी दुकानातून निघाली तेव्हापासून अठ्ठावीस इंच...' अजिनाथरावांच्या अंगात एकदम बळ आलं. ते खुर्ची ओढून शेजारी बसले.

"चाप दोन, लिही. वजन चार किलो. दस्ता बाभळीचा, रंग गालाला लागतो."

"काका, एवढं कशाला?"

"लिहा," मोनिकाबाई म्हणाल्या. "नोंद पुरी पाहिजे."

"काडतूस सांडशीनं निघतं."

"सांडशी नको. 'हाताने' लिहा."

"आन् त्यो तित्तर..."

मोनिकाबाईंनी चष्मा वर करून नक्षी बराच वेळ पाहिली. "नुसतं 'पक्षी' लिहा."

त्या पत्रावर परवाना दुरुस्त करायला अजिनाथरावांना नगरच्या कचेरीत पाच खेपा घालाव्या लागल्या. पाचव्या खेपेला शिक्का बसला. बंदूक घरी आली आणि पहिल्याच बाराला डुकरं भिमाजीच्या रानात गेली.

पुढच्या आठवड्यात ते जेवायला बसले असताना हर्षलचा फोन आला.

"काका, खूशखबर! कंपनीनं चूक कबूल केली. तुमच्यासाठी खास नवी बंदूक पाठवलीय. एक चाप, खरा अक्रोड, काडतूस टुणकन बाहेर. जाहिरातीत होती ना, हुबेहूब तशी. ती जुनी देऊन ही घेऊन जा, एक रुपया नको!"

अजिनाथरावांचा घास हातातच राहिला. "नळी किती इंच म्हनलास?"

"तीस! मी स्वतः मोजली, तीनदा."

"मग मला नगं."

"काका?"

"बाबा, माझ्या पुस्तकात आता अठ्ठावीस लिवलंय. ती तीस इंची घेऊन ठाण्यात गेलो, तर म्याडम इचारतील, दोन इंच जोडले कुठनं? तुझी खरी बंदूक तुझ्यापाशीच ठेव!" असं म्हणून त्यांनी फोन बंद केला.

लंकाबाई तव्यावरची भाकरी उलटत होत्या. "काय म्हनतोय?"

"चांगली बंदूक देतोय."

"मग?"

"न्हाई म्हनलं."

लंकाबाईंनी नवऱ्याकडं नीट पाहिलं. "बरं केलं. असंना का आखूड न् बोजड. हिच्यात काय काय खोट हाय, ते तरी आपल्याला ठावं हाय. आता नव्यानं कुनाला बघत बसायचं?"

असं म्हणून त्यांनी गरम भाकरी त्यांच्या ताटात वाढली. हे सगळं बंदुकीबद्दल होतं ना, एवढं विचारावं असं अजिनाथरावांना फार वाटलं. पण ते खाली मान घालून भाकरी मोडू लागले.