कोमाद्रेच्या दोरीवरचा वारा

सकाळी साडेसहाला कॉफीचा कप घेऊन मिरू गच्चीवर आला. सवयीने त्याने गल्लीपलीकडच्या शांडाच्या गच्चीकडे पाहिलं आणि कप कठड्यावर ठेवून दिला. दोरीवरच्या चादरी हलत नव्हत्या. फेब्रुवारी महिना, साल नावाचं हे वाऱ्याचं बेट, आणि वारा नाही! पतंगाच्या जोरावर लाटांवरून पळायला अर्धी दुनिया या महिन्यात इथे येते, ती काय उगाच?

मिरूची नोकरीच मुळी वाऱ्याची होती. रेन्झो नावाच्या इटालियन माणसाची काइटसर्फिंगची शाळा होती. तिच्या गावातल्या ऑफिसबाहेर एक फळा टांगलेला असे. मिरूने रोज सातला त्यावर खडूने लिहायचं: वारा किती नॉट, कुठल्या किनाऱ्यावर जायचं, पतंग मोठा न्यायचा की लहान. मग गाड्या भरून पाहुणे निघत. फोनमध्ये अंदाज दिसतो, पण तो साऱ्या महासागराचा. फ्रागाताच्या किनाऱ्यावर किती आणि पोंता प्रेताच्या किनाऱ्यावर किती, ते मिरूने सांगावं. सहा वर्षांत फळा चुकला नव्हता. रेन्झो त्याला मानाने कप्तान म्हणायचा.

पण झाकली मूठ सव्वा लाखाची. मिरूने एकतीस वर्षं समुद्रावर काढली हे खरं, पण ती डच मालवाहू जहाजांच्या पोटात, इंजिनाला तेल पाजत. तिथे वारा कधी खाली उतरला नाही. नोकरी देताना रेन्झोने विचारलं होतं, "समुद्रावर किती वर्षं?" मिरू म्हणाला होता, "एकतीस." रेन्झोने पुढे विचारलं नाही आणि मिरूने पुढे सांगितलं नाही. त्याचं घर आणि शाळेचं ऑफिस, दोन्ही एका तीन मजली हॉटेलच्या आडोशाला. तिथे काडी पेटवली तर ती बोट भाजेपर्यंत जळायची.

शांडाची गच्ची मात्र त्या आडोशाबाहेर होती. शांडा लहान हॉटेलांच्या चादरी धुवायची, त्यामुळे दोरी रोज भरलेली. मिरूने हळूहळू हिशेब बसवला होता. उशीचे अभ्रे हलले की बारा नॉट. टॉवेल आडवे झाले की अठरा. चादरी फुगून दोरी वाकली की बावीस. आणि शांडाचा काळा परकर सरळ ताठ होऊन फडफडू लागला की अठ्ठावीस, नवशिक्यांनी घरी बसावं. सगळ्यांत अचूक तो परकरच. त्याच्याकडे नीट बघावं लागे.

आता यात एक अडचण होती, ती मिरूच्या कधी डोक्यात आली नाही. शांडाच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी मिरूने हातांवर धरलं होतं. म्हणजे शांडा त्याची कोमाद्रे आणि तो तिचा कोंपाद्रे. या बेटांवर ते नातं सख्ख्या बहिणीहून सोवळं. कोमाद्रेकडे वाकड्या नजरेने पाहणाऱ्याला इथेही थारा नाही आणि वरतीही नाही. आणि हा गृहस्थ सहा वर्षं रोज सकाळी डोळे बारीक करून विधवा कोमाद्रेचा परकर न्याहाळत होता.

तर, त्या दिवशी त्याने फळ्यावर लिहिलं: पाच नॉट.

"कप्तान, फेब्रुवारीत पाच?" रेन्झोने विचारलं.

"वाऱ्यालाही कधी सुट्टी लागते," मिरू म्हणाला.

रेन्झोने बारा नॉर्वेजियन पाहुण्यांना गाडीत घालून मिठागरं दाखवायला नेलं. तिथे त्यातल्या तिघांच्या टोप्या उडून गेल्या. परतताना त्यांनी फ्रागाताकडे पाहिलं तर बाकीच्या साऱ्या शाळांचे पतंग आकाशात. हंगामातला सगळ्यांत सुंदर दिवस होता तो. पाहुणे मिठागराविषयी एक शब्दही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशीही दोरी निपचित. मिरूने विचार केला, काल अशीच निपचित होती आणि वारा सव्वीस होता; म्हणजे आजही सव्वीस. त्याने सव्वीस लिहिलं, लहान पतंग न्यायला सांगितलं. त्या दिवशी वारा खरोखरच पडला होता. बारा नॉर्वेजियन दुपारपर्यंत मांडीभर पाण्यात उभे राहिले. एकाला फळीवरच झोप लागली.

"कप्तान," संध्याकाळी रेन्झो म्हणाला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं, पण तो अगदी हळू बोलला. "उद्या चुकलं तर परवापासून फळा मी लिहीन. अंदाजानेच लिहायचं तर पगार कशाला?"

त्या रात्री मिरूने मक्याचा काचुपा ताटात तसाच ठेवला. साठीला आलेल्या माणसाला या बेटावर दुसरं काम कोण देणार? सुटकेस उचलायला त्याची कंबर नव्हती आणि पाहुण्यांना हसून दाखवायला त्याचे दात नव्हते. बायको बेनविंदा त्याच्या भरल्या ताटाकडे बघत राहिली.

सकाळी त्याने पुन्हा निरखून पाहिलं. दोरी होती तिथेच होती, पण तिच्यापुढे आता डोक्याइतकी उंच भिंत होती आणि भिंतीवरून फक्त चिमटे नि चादरींच्या कडा दिसत होत्या. भिंतीचं त्याला नवल नव्हतं. शनिवारी शांडाने खोली काढायला घेतली, तेव्हा चाळीस ब्लॉक त्यानेच जिना चढून वर नेले होते. कोंपाद्रेने नाही न्यायचे तर कोणी? भिंत ईशान्येला, म्हणजे वारा येतो नेमकी त्या बाजूला. माणूस पायावर धोंडा पाडून घेतो, याने चाळीस वाहून नेले.

आता परकर हलतोय का याची खात्री करून घ्यायची तर एकच उपाय होता. मिरू गल्ली ओलांडून शांडाच्या बाहेरच्या जिन्याने वर गेला. दारातलं स्टूल उचललं, भिंतीपाशी ठेवलं, त्यावर चढला आणि मान पलीकडे घातली. परकर हाताच्या अंतरावर लटकत होता.

"कोंपाद्रे!"

मागे शांडा उभी होती, कमरेवर ओल्या कपड्यांची टोपली. "काय बघताय तिथे?"

"परकर," मिरूच्या तोंडून खरं तेच निघून गेलं.

"ऐकलंस ना, शांडा?" जिन्यावरून बेनविंदाचा आवाज आला. ती नवऱ्याच्या मागोमाग आली होती. "मी सांगत होते तर तुला खरं वाटत नव्हतं. म्हणे, कोंपाद्रे समुद्र बघत असतील!"

"बेनविंदा, तू... ही खोली..."

"खोली कसली डोंबलाची! तुझ्या डोळ्यांपुढे उभी केलीय ती भिंत. ब्लॉक तुझ्याचकडून वाहून घेतले, तेवढंच समाधान."

तेवढ्यात खालून हाक आली, "कप्तान! सात वाजून गेले, फळा कोरा आहे!" आणि रेन्झो धापा टाकत वर आला. त्याने स्टुलावरचा कप्तान पाहिला, दोन संतापलेल्या बाया पाहिल्या, आणि तो जिन्यातच थबकला.

मिरूची इकडे आड तिकडे विहीर झाली. खरं सांगितलं तर नोकरी जाते, गप्प राहिलं तर अब्रू. त्याने बेनविंदाकडे पाहिलं. ती रागावली होती, पण तिचे डोळे भरून आले होते. छत्तीस वर्षांच्या संसारात मिरूने ते भरलेले फक्त बंदरावर, निरोप घेताना पाहिले होते. त्याला स्वतःची फार लाज वाटली. तो स्टुलावरून उतरला आणि त्याने सगळं सांगून टाकलं: इंजिनाची खोली, अभ्रे बारा, टॉवेल अठरा, परकर अठ्ठावीस.

बेनविंदा पदर नसल्यामुळे डोक्याच्या फडक्याने डोळे पुसत हसायला लागली. रेन्झो पायरीवर बसला.

"म्हणजे सहा वर्षं माझी शाळा एका परकरावर चालली?"

"परकरावर?" शांडा उसळली. टोपली तिने धाडकन खाली ठेवली. "परकर काय आपल्या पायांनी दोरीवर चढतो? पहाटे दारात उभी राहून मी ठरवते, आज काय धुवायचं. वारा यायचा असला तर जड चादरी. पडायचा असला तर नुसते अभ्रे. कोंपाद्रे जे वाचत होते, ते मी लिहिलेलं होतं!"

रेन्झोने मान वर केली. "मग आज काय?"

शांडा भिंतीपलीकडे गेली. उत्तरेकडे तोंड करून उभी राहिली, एकदा हवा हुंगली. "दहापर्यंत काही नाही. मग येईल, आणि दोननंतर असा येईल की नवख्यांना पाण्यात सोडू नका. उद्या समुद्रापलीकडच्या वाळवंटाची धूळ येणार, वारा निम्म्यावर."

"उद्याचंसुद्धा?" रेन्झो उठून उभा राहिला.

दहाला वारा आला. दोनला नवशिक्यांना बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी आकाश धुळीने पिवळं झालं आणि वारा निम्म्यावर आला. तिसऱ्या दिवसापासून फळ्यावर शांडाचं अक्षर होतं. रेन्झोने पगार किती हवा ते विचारलं तेव्हा ती म्हणाली, "पगाराचं बघू. आधी माझ्या चादरींचं काय ते सांगा. हॉटेलवाले थांबणार नाहीत."

सगळ्यांनी मिरूकडे पाहिलं.

भिंत पाडली गेली. ब्लॉक मिरूनेच खाली आणले. आता तो रोज सकाळी शांडाच्या गच्चीवर चादरी पिळतो, वाळत घालतो. पहिले पंधरा दिवस गल्लीतल्या बाया मुद्दाम खिडकीत येऊन बसायच्या. एकीने तर मोठ्या अदबीने विचारलं, "न्यो मिरू, आमच्याही आणू का?" मग त्यांनाही कंटाळा आला.

मार्चच्या शेवटी एका सकाळी तो मोठी चादर दोरीवर टाकत होता. चादरीने त्याला ओढलं आणि त्याचा एक पाय आपोआप मागे सरकून घट्ट रोवला गेला. कानामागे गार लागलं, ओठांवर मीठ आलं. त्याला कळलं, हा चोवीस आहे. अर्ध्या तासात थोडा पूर्वेला वळेल आणि दुपारी वाढेल. कुठल्याही परकराकडे न बघता कळलं. चादरीचं टोक धरून तो तसाच उभा राहिला, वाऱ्याच्या वळण्याची वाट बघत. आणि वारा वळला.

एकतीस वर्षं समुद्रावर आणि सहा वर्षं फळ्यापाशी काढल्यावर मिरूला वारा समजला होता, आणि आता त्याबद्दल त्याला कोणीच विचारत नव्हतं.

"चोवीस!" तो मोठ्याने म्हणाला.

बेनविंदा खाली बादली भरत होती. "काय चोवीस?"

मिरूने थोडा विचार केला.

"चिमटे," तो म्हणाला. "चोवीस चिमटे दे वर."