मेश्रामकाका, महाशय आणि ग्रह

आमच्या सनीव्हेलच्या पॉटलकला, म्हणजे घरटी एक पदार्थ आणायच्या जेवणाला, मेश्रामकाका आले की आधी टेबलावरचे पदार्थ ग्रहांप्रमाणे लावतात. जिलबी सूर्याची, दहीभात चंद्राचा, ठेचा मंगळाचा. माझ्या बायकोची भरली वांगी दरवेळी शनीकडे जातात आणि ती दरवेळी चिडते. काका मात्र तीच मागून मागून खातात.

आता या गृहस्थांनी जन्मात पत्रिका काढलेली नाही. नागपूरचे, बौद्ध, चिप डिझाइन करून रिटायर झालेले. पण पाचशे वर्षांपूर्वीच्या एका जर्मन पंडितावर त्यांचा भारी जीव. जगातली प्रत्येक वस्तू कुठल्या ना कुठल्या ग्रहाशी बांधलेली आहे, असं त्याने जाडजूड ग्रंथांत लिहिलं आणि वर सगळी विद्या फोल आहे, असा दुसरा ग्रंथही लिहून ठेवला.

"माझा एका अक्षरावर विश्वास नाही," काका म्हणतात. "पण माणूस जबरदस्त होता, बाप्पा! चेटकीण म्हणून पकडलेल्या बाईची केस लढला."

पंडिताकडे काळा कुत्रा होता, म्हणून काकांकडेही आहे. त्या कुत्र्याचं फ्रेंच नाव मराठीत आणून काकांनी याला 'महाशय' केलं.

काकू गेल्यापासून पूर्व किनाऱ्यावर हर्नडनला राहणारा मुलगा काकांना कायमचं तिकडे बोलावतोय. नातवाला कुत्र्याची ॲलर्जी, तेव्हा महाशयला इथेच कुणाला तरी द्यायचं. मुलाने तिकीट काढलं की काका ग्रह काढतात. शनिवारी शनी आडवा, मंगळवारी मंगळ. "कॅन्सल केलं," असं मला पार्किंगमध्ये खुशीत सांगतात. मला वाटलं, म्हातारपणी खरंच ग्रहांच्या नादी लागले.

परवा माझी मुलगी नेटवर त्या पंडिताबद्दल काहीतरी वाचून आली. "काका, द डॉग वॉज अ डीमन, राइट? मरताना त्याने डॉगला हाकललं अँड इट जम्प्ड इन द रिव्हर!"

काका इतके तापलेले मी कधी पाहिले नव्हते. "नॉनसेन्स! साधा कुत्रा होता, बेटा. बायको गेली होती त्याची. दिवसभर कागदांत बसायचा आणि कुत्रा शेजारी. बोलायला दुसरं होतं कोण? तो कशाला हाकलेल त्याला?" मग महाशयचे कान कुरवाळत राहिले. तिकिटं का कॅन्सल होत होती, ते तेव्हा कळलं.

काल काकांच्या मुलाचा मला फोन आला. "दादा, बाबा ॲक्चुअली हे सगळं बिलीव्ह करतात? जस्ट टेल मी, कुठला वार चालेल त्यांना?"

खिडकीतून काका दिसत होते. पायरीवर बसून महाशयला काहीतरी समजावून सांगत होते आणि तो मान तिरकी करून ऐकत होता.

पत्रिका मीही कधी पाहिलेली नाही. "अरे, कठीण आहे," मी म्हटलं. "महाशय बरोबर नसेल, तर सातही वार वाईट आहेत."