चन्नप्पा मास्तरांचा जगाचा नकाशा

चुकीचा नकाशा दिसला की चन्नप्पा मास्तरांचा हात थांबत नाही. आमच्या मुरुम गावातल्या एका किराणा दुकानातल्या कॅलेंडरवर श्रीलंका जरा डावीकडं छापली होती. मास्तरांनी साखर घेता घेता ती पेनानं उजवीकडं सरकवली. माझ्या लॅपटॉपच्या काचेवरही त्यांनी तोच पेन चालवला.

लॉकडाऊनमध्ये मी पुण्याची खोली सोडून घरी आलो होतो. कंपनीत काम नव्हतं. हात चालू राहावा म्हणून मी एक वेब अ‍ॅप बनवायला घेतलं. जगाचा नकाशा, त्यात देशावर बोट ठेवलं की तिथले कोरोनाचे रुग्ण, बरे झालेले, मेलेले. आकडे परदेशातल्या एका संस्थेकडून आपोआप यायचे. आईनं हे कौतुकानं शेजारी सांगितलं आणि तिथंच घात झाला. शेजारी म्हणजे भूगोल शिकवून निवृत्त झालेले आमचे मास्तर. सकाळी ते तोंडाला उपरणं गुंडाळून ओट्यावर हजर.

"हे ग्रीनलंड एवढं कशानं सुजलंय?"

"मास्तर, नकाशा तसाच मिळतो."

"मिळतो म्हणून घ्यायचा व्हय?"

ग्रीनलंडची सूज उतरवण्यात माझा आठवडा गेला. मग देशांची नावं मराठीत हवी झाली. ती केली, तर महासागरांची नावं कुठं गेली म्हणून विचारणा.

"पाण्यात कुणाला कोरोना होतोय, मास्तर?"

"जहाजावर होतोय."

मी महासागरांची नावं टाकली. त्यांचं म्हणणं बरोबर निघायचं, हाच खरा वैताग होता. मी जेवायला बसलो की भिंतीपलीकडून हाक यायची, "विजू, पेरूचं काय म्हणतंय?" जणू पेरू देशात त्यांची सोयरीक होती. आकडा वाढला असला की ते त्या देशावर रागवायचे आणि "साकु, साकु" म्हणायचे. पुरे झालं आता, असं कानडीत.

त्यांना आवरायच्या त्या फक्त गंगाकाकू, त्यांच्या पत्नी. "अवो, लेकराला दोन घास खाऊ द्या की," असं त्या भिंतीवरून म्हणायच्या आणि माझ्यासाठी गरम धपाटे पाठवायच्या. त्या धपाट्यांवरच ते अ‍ॅप पुरं झालं.

दुसऱ्या लाटेत काकूंना ताप आला. सोलापूरच्या दवाखान्यात नेलं. मास्तरांना आत सोडलं नाही. काकू परत आल्या नाहीत.

त्यानंतर मास्तर घराबाहेर दिसेनात. मला कंपनीचं काम पुन्हा मिळालं होतं, कुणी हाक मारत नव्हतं, आणि तरी कामात लक्ष लागत नव्हतं.

एका दुपारी ते आले. मी न विचारता अ‍ॅप उघडलं. निदान एखादी चूक तरी काढतील असं वाटलं. त्यांनी काही काढली नाही.

"विजू, सोलापुरात माणूस गेलं, तर ते हितं येतंय का?"

मी सांगितलं. दवाखान्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून मुंबईला, तिथून दिल्लीला, मग परदेशातल्या त्या संस्थेकडं, आणि तिथून इथं.

"म्हंजे आमची गंगा ह्यात हाय."

"आहे, मास्तर." मला खात्री नव्हती.

त्यांनी नकाशातल्या भारतावर बोट ठेवलं.

"जलमभर पोरांना जग शिकवलं," ते म्हणाले. "तिला सोलापूरच्या पुढं कधी नेलं न्हाय."

मी पाणी आणायला उठलो, तर त्यांनी माझा हात धरला.

"एवढ्या लांब एकटीच गेली रे. घाबरली असंल."