गोरखचा कोरा शर्ट

गोरखचे सगळे शर्ट एकाच कापडाचे आहेत आणि त्या कापडाला अजून रंग लागलेला नाही. मागावरून उतरलेलं, न धुतलेलं, न छापलेलं जे कापड असतं त्याला सुरतेत ग्रे म्हणतात. ते टेम्पोत भरून मिलमध्ये जातं, तिथे धुतात, रंगवतात, छापतात आणि मग त्याच्या साड्या होऊन बाजारात येतात. मधल्या अवस्थेत ते कुणी अंगावर घालत नाही. कणीक मळून झाली म्हणून कुणी पोळीच्या आधीच जेवायला बसत नाही, तसंच ते आहे. गोरख घालतो. रंग मळकट दुधासारखा, वास यंत्राच्या तेलाचा, आणि उन्हाळ्यात आत हवा म्हणून शिरत नाही. पहिल्यांदा शिवायला टाकला तेव्हा शिंपी म्हणाला होता, "भाऊ, हे कुणी अस्तरालाही लावत नाही." गोरख म्हणाला, "मग तू लावून पहा. शिकशील."

असा फिक्कट माणूस दिसला की अनोळखी लोक आवाज उतरवून विचारतात, "कोण गेलं?" गोरख शांतपणे सांगतो, "अजून कोणी नाही. तुमचा काही विचार?"

गोडादऱ्यात एका लग्नात वाढप्यांच्या मुकादमाने त्याला आपल्यातलाच समजून बुंदीची बादली हातात दिली. गोरखने वाद घातला नाही. त्याने सगळी पंगत वाढली, एका म्हाताऱ्याला आग्रह करून दोनदा वाढलं, आणि बादली परत देताना मुकादमाला सांगितलं, "बुंदी छान आहे. वरचा पिवळा रंग तेवढा नको होता."

तो डिंडोलीत आमच्या मागच्या गल्लीत एकटा राहतो. लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, मास्टर आहे. माग अडला की कारागीर ज्याला हाक मारतात तो मास्टर. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणतो, "माझ्या घरात प्रिंट चालत नाही, आणि कोरी साडी कोण नेसेल?"

जगात त्याच्या मते दोनच जाती आहेत, ग्रे आणि प्रिंट. नाश्त्याला मिळणारा साधा लोचो ग्रे, चीज घातलेला लोचो प्रिंट. काळा चहा ग्रे, मसाल्याचा प्रिंट. घरी बोलतो ती अहिराणी ग्रे, आणि मी शाळेत शिकवतो ते मराठी प्रिंट. "आप्पा, तुन्ही भाषा मिलमां जाई उनी," म्हणजे मिलमध्ये जाऊन आली, असं तो मला तोंडावर सांगतो. मी नितीनचा मोठा भाऊ आणि नितीन त्याचा मित्र, म्हणून मी आप्पा. माझ्या आईला तो माय म्हणतो. त्याची आई तो लहान असतानाच गेली, आणि तेव्हापासून रविवारचं जेवण आमच्याकडे, हे कुणी ठरवलं नव्हतं पण ठरलेलं होतं.

नितीन आणि गोरख यांनी मिळून बँड काढला त्याचं नाव धोटा. मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो तो धोटा. नितीन गायचा, चिराग नावाचा एक गुजराती मुलगा गिटार वाजवायचा, त्याचा भाऊ बेस, आणि गोरख ड्रमवर. सुटीच्या दिवशी माग बंद असत तेव्हा खात्यातच त्यांची तालीम चाले. गोरखला शांततेत वाजवता येत नसे. सगळी उमर मागांच्या खडखडाटात गेलेली, त्यामुळे भोवती गप्प झालं की त्याचा ताल चुकायचा. मग कोपऱ्यातला एक माग मुद्दाम रिकामा चालू ठेवत आणि त्याच्या वर हे चौघं आपला आवाज चढवत. जे तयार व्हायचं ते ऐकायला कान लागत नसत, छाती पुरे.

त्यांची गाणी लाईट जाण्यावर, रात्रपाळीवर, तुटलेल्या धाग्यावर असायची. शब्द नितीनचे, पण ते शब्द होते हे आम्हाला मागाहून समजलं. लिंबायतच्या एका गणेश मंडळाने त्यांना बोलावलं होतं. दुसऱ्या गाण्यानंतर मंडळाचे सचिव मंचावर आले आणि नम्रपणे म्हणाले, "आरती लवकर घ्यायची ठरली आहे." गोरखला हा आयुष्यातला मोठा सन्मान वाटतो. "देवालाही बसू दिलं नाही आम्ही," असं तो सांगतो.

असे दोन अल्बम झाले. ते ज्यांच्याकडे आहेत त्या सगळ्यांना मी ओळखतो.

तिसऱ्या अल्बमच्या वेळी नितीन बदलला. त्याला मुलगी झाली होती. तिला मांडीवर घेऊन तो जे गुणगुणायचा ते त्याचं त्यालाच आवडायला लागलं. एकदा जेवताना म्हणाला, "गोरख, लोकांना शब्द ऐकू आले पाहिजेत. इतकी वर्षं मी ओरडतोय आणि कुणाला माहीत नाही काय ओरडतोय."

"तुलाच माहीत असलं की झालं," गोरख म्हणाला.

"थोडं हलकं करू. लोक गुणगुणतील असं."

"म्हणजे प्रिंट."

"हो बाबा, प्रिंट."

गोरखने ताटातली भाकरी उलटी करून पाहिली, जणू नक्षी तिथेच छापलेली असावी.

तरी तो स्टुडिओत गेला. तिथल्या मुलाने त्याच्या कानांवर हेडफोन ठेवले आणि म्हणाला, "गोरखभाई, ये टिक टिक के साथ बजाना है." गोरखने थोडा वेळ ती टिकटिक ऐकली. मग हेडफोन काढून गादीवर ठेवले. "ये मेरेको टाइम सिखाएगा?" त्याने विचारलं. पोरगा म्हणाला, सगळेच असं वाजवतात. "तो सबको बुलाव," म्हणून गोरख बाहेर आला आणि बस पकडून खात्यावर गेला. अल्बमवर मग ड्रमऐवजी मशीन वाजलं.

अल्बमचं नाव हलकं हलकं. तो निघायच्या आधी नितीनने बाजारातून पोपटी कापड आणलं. त्यावर तळहाताएवढी लाल जास्वंदाची फुलं होती. चौघांना सारखे शर्ट शिवले. गोरखचा एक जुना शर्ट होळीपासून आमच्या घरी पडून होता, त्यावरून शिंप्याला माप दिलं. माझी आई म्हणाली, "अरे, तो घालणार नाही." नितीन म्हणाला, "मग न घालू दे. पण त्याचा नाही शिवला असं होणार नाही."

गोरखने पिशवी घेतली, आत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "हे उशीला आहे का पडद्याला?" घातला मात्र नाही. कार्यक्रमालाही गेला नाही. मंचावर तीन पोपटी शर्ट होते आणि मागे ड्रमच्या जागी एक कुंडी ठेवली होती.

अल्बम चालला. लग्नात वाजला, गरब्याच्या मध्यंतरात वाजला, शाळेत माझ्या वर्गातल्या मुली पाढ्यांच्या चालीत ती गाणी म्हणू लागल्या. रिक्षांत तर सतत. गोरखची त्यामुळे पंचाईत झाली. गाणं लागलं की तो रिक्षा थांबवून उतरायचा. उधन्याहून डिंडोलीला यायला एकदा त्याला इतक्या रिक्षा बदलाव्या लागल्या की शेवटी तो चालतच आला, आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी रसवंतीवाल्याकडे तेच गाणं चालू होतं. तो तिथे उसाच्या चोयट्यांकडे पाहत गाणं संपेपर्यंत कानांवर हात ठेवून उभा राहिला, असं रसवंतीवाल्याने मला सांगितलं. "मास्टरांचे कान दुखतात का?" त्याने काळजीने विचारलं. मी हो म्हणालो.

पण भांडण असं झालं नाही. गोरख रविवारी येतच राहिला. नितीन आणि तो खात्याबद्दल, क्रिकेटबद्दल, आईच्या गुडघ्यांबद्दल बोलत. अल्बम मात्र घरात असा होता, जसा एखादा नातेवाईक पळून जाऊन लग्न करतो आणि मग त्याचं नाव कुणी जेवताना काढत नाही. नितीनच मधूनमधून काढायचा. "एकदा ऐक रे. मग शिव्या दे."

"न ऐकताच देतो. वेळ वाचतो."

"एकदा."

"प्रिंट पहिल्या धुण्यात जातं नित्या. जाऊ दे, मग पाहू."

मला वाटतं नितीनला बाकी कुणाच्या मताची फारशी पर्वा नव्हती. लोक स्तुती करत तेव्हा तो ऐकून घ्यायचा आणि त्याची नजर दाराकडे असायची.

मग नितीन आजारी पडला. आजार मोठा होता आणि आमच्या समजुतीपेक्षा वेगाने वाढला. दवाखान्यात दुपारची वेळ गोरखने आपली करून घेतली. पाळी बदलून तो यायचा आणि खाटेच्या लोखंडी दांड्यावर बोटांनी वाजवत बसायचा. नर्स एकदा म्हणाली, "काका, बाजूच्या पेशंटला त्रास होतो." बाजूचा पेशंट म्हणाला, "मला नाही होत." त्यानंतर ती गोरखला फक्त हळू वाजवा म्हणायची. हळू वाजवणं गोरखला तिने शिकवलं. नितीनला ते शिकवणं कधी जमलं नव्हतं.

एका दुपारी मी डबा घेऊन गेलो तेव्हा नितीन विचारत होता, "ऐकलंस?"

"नाही."

"माझ्या फोनमध्ये आहे. इथेच ऐक."

गोरख म्हणाला, "इथे नाही. घरी चल, मग ऐकतो. तुझ्यासमोर बसून सगळा ऐकतो. शब्द देतो."

नितीन हसला. "नक्की?"

"आधी घरी चल."

जिन्यात मी गोरखला म्हणालो, ऐकायचं होतं रे, काय बिघडलं असतं. तो म्हणाला, "आप्पा, याच्यापाशी उठायला एवढं एकच कारण आहे. ते मी आत्ताच कसं खर्च करू?"

नितीन घरी आला नाही.

त्यानंतरचे दिवस गोरख आमच्या घरातच होता. माणसांना पाणी दिलं, सतरंज्या घातल्या, गावाहून येणाऱ्यांना स्टेशनवरून आणलं. येणारे त्याच्या पांढुरक्या शर्टाकडे पाहून त्यालाच घरचा समजायचे आणि आधी त्याच्याच गळ्यात पडायचे. त्याने कुणाला दुरुस्त केलं नाही. दहाव्यानंतर मात्र तो दिसेनासा झाला. खात्यावरून निरोप आला, मास्टर कामावर येतात, पण पाळी संपली की आतून कडी लावून घरात बसतात.

गंधमुक्तीच्या, म्हणजे दुखवटा संपवायच्या दिवशी सगळे नातेवाईक जमले. खान्देशातून आलेली माणसं दुखवट्याचे कपडे घेऊन आली होती. अंगणात मांडव, मांडवात पांढऱ्या टोप्या, पांढरे सदरे, बायकांच्या फिक्या साड्या. एवढ्या पांढऱ्यात गोरख कुठे बसला असेल ते शोधायचं काम मला वाटलं होतं त्याहून सोपं निघालं. तो फाटकातून आत आला तो पोपटी शर्ट घालून. तळहाताएवढी जास्वंदाची फुलं. इतकी वर्षं घडीत पडून राहिल्याने छातीवर घड्यांच्या चौकटी उमटल्या होत्या. माप जुनं असल्याने पोटावरचं बटण लागत नव्हतं, आणि तिथून आतला कोरा बनियन दिसत होता.

पांढऱ्या टोप्या त्याच्याकडे वळल्या. माझी धाकटी आत्या मोठ्याने म्हणाली, "दुखना घरमां असा कपडा घालीसन येतस का कोनी?"

गोरख तिच्याकडे न पाहता सरळ आईसमोर जाऊन उभा राहिला. "माय, नित्यानी शिवाडेल शे," तो म्हणाला.

आईने त्याच्या शर्टाचं टोक धरलं आणि अंगठा व बोटांमध्ये चोळून पाहिलं. आमच्याकडची माणसं कुठलंही कापड हातात आलं की असंच करतात. आईने तर वडिलांच्या मागावर कांड्या भरण्यात निम्मं आयुष्य घालवलं. "कापड चांगलं शे," ती म्हणाली. "बठ."

तो बसला. आत्याने पदर सारखा केला आणि दुसरा विषय काढला.

जेवणं झाल्यावर माणसं पांगली. मी मांडवाच्या खांबाला टेकून बसलो होतो, गोरख माझ्या शेजारी. काही वेळाने त्याची बोटं गुडघ्यावर चालू लागली. अगदी हळू, नर्सने शिकवलं होतं तशी. मी आधी लक्ष दिलं नाही. मग ओळखलं. ते हलकं हलकंमधलं चौथं गाणं होतं, नितीन मुलीला मांडीवर घेऊन म्हणायचा ते.

त्या गाण्यात मध्येच एका ठिकाणी मशीन थांबतं. गिटारही थांबते. थोडा वेळ नितीनचा नुसता आवाज आहे, खाली काहीही नाही. ती जागा अशी अचानक येते की मीसुद्धा कित्येकदा ऐकल्यावर तिची वाट पाहायला शिकलो.

गोरखची बोटं तिथे आली आणि थांबली. त्याने हात गुडघ्यावरून किंचित वर उचलून धरला आणि तेवढा वेळ तो पूर्ण गप्प बसून राहिला.

मग बोटं पुन्हा सुरू झाली.