निनावी डोकं

"रुग्ण स्वतः येऊन समोर उभा राहिला ना, तरी कुणी ओळखणार नाही!" असं तक्तेसाहेब भर बैठकीत छातीवर हात ठेवून म्हणाले. पुढ्यात काय वाढून ठेवलंय हे माणसाला आधी कळत नाही, ते एका परीने बरंच असतं.

एमआरआयची चित्रं वाचणारी सॉफ्टवेअरं बनवणाऱ्या संस्थेत साहेब 'प्रकल्प सप्ताहा'चे प्रमुख होते. सप्ताह म्हणजे काय, तर प्रोग्रामर आणि डॉक्टर पाच दिवस शेजारी शेजारी बसून काम करणार. त्या पाच दिवसांचं नियोजन तीन महिने चालायचं! साहेबांनी त्यासाठी एक तक्ता केला होता आणि तो कसा भरायचा हे सांगणारा दुसरा. चहाच्या सुट्टीलासुद्धा स्वतंत्र रंग होता, फिकट जांभळा. त्यांचं खरं नाव काय हे लोक कधीच विसरले होते.

घोडं अडलं ते नमुन्यावर. सातही गटांनी एकाच माणसाच्या डोक्याच्या स्कॅनवर काम करायचं ठरलं, म्हणजे शेवटी तुलना करता येईल. पण डोकं कुणाचं? हॉस्पिटलची परवानगी यायला चार महिने लागणार होते. दोन बैठका नुसत्या भांडणात गेल्या. तेव्हा साहेब म्हणाले, "आहे माझ्याकडे एक. संपूर्ण निनावी!" आणि मग ती वरची बढाई मारली.

आता खरं सांगायचं तर ते डोकं खुद्द साहेबांचंच होतं.

सहा महिन्यांपूर्वी त्यांचं डोकं दुखायला लागलं. बायको डॉक्टर, तीही स्कॅन वाचणारी. पण साहेब तिला न सांगता शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन स्कॅन काढून आले. कारण तिच्या हाती पुरावा द्यायचा नव्हता. या डॉक्टरबाई वीस वर्षं म्हणत होत्या, "तुम्ही घोरता," आणि साहेब वीस वर्षं म्हणत होते, "छट्! काहीतरीच!" तिथला तंत्रज्ञ म्हणाला, "साहेब, मशीन बंद केलं तरी आवाज थांबेना, म्हणून घाबरून आत आलो!" रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, नाकाचं हाड वाकडं आहे, ऑपरेशन करून घ्या. साहेबांना तर नुसती सुई दिसली तरी घाम फुटायचा. त्यांनी रिपोर्ट बुटांच्या खोक्यात कोंबला आणि घरी सांगितलं, "चष्म्याचा नंबर वाढलाय."

तर या स्कॅनवरून त्यांनी नाव, जन्मतारीख, हॉस्पिटल, सगळं पुसलं. रुग्णाच्या परवानगीचा तीन पानी फॉर्म स्वतः तयार केला, स्वतःच भरला आणि लिफाफ्यात बंद केला. रुग्णाने सही करताना मुळीच खळखळ केली नाही.

पुढच्या बैठकीला संचालक जातीने आले. हॉस्पिटलचे नेहमीचे डॉक्टर रजेवर होते. त्यांच्याऐवजी दार ढकलून आत आल्या त्या डॉक्टरबाई! साहेबांनी घाईघाईने कपबशी तोंडापुढे धरली.

"हे काय, तुम्ही मला बोलला नाहीत नमुना मिळाला म्हणून?" बाईंनी विचारलं.

"गुप्त असतं ते," साहेब पुटपुटले.

एकेक गट आपापली तयारी दाखवू लागला. मेंदू मोजणारा म्हणाला, "आकार जरा लहानच भरतोय."

"मोजायला चुकलात तुम्ही!" साहेब ताडकन म्हणाले.

दातवाला म्हणाला, "अक्कलदाढ एकही नाही."

"रुग्ण अतिशय हुशार गृहस्थ आहे असं कळलंय मला!"

डॉक्टरबाईंनी चष्मा चढवला. "नाकाचं हाड बघा केवढं वाकडंय, ऑपरेशनच करावं लागणार! हा माणूस भयंकर घोरत असणार. याची बायको बिचारी!" सगळे हळहळले.

"बायका फार वाढवून सांगतात," साहेबांच्या तोंडून निसटलं.

"तुम्हाला काय माहीत?"

"नाही... आपलं सर्वसाधारणपणे."

मग उठली ती चेहरावाली. "माझं काम सोपंय," ती म्हणाली. "स्कॅनवरून कातडी उभी करायची. म्हणजे अख्खा चेहरा दिसतो."

साहेबांनी नाव प्रत्येक कोपऱ्यातून पुसलं होतं, पण डोक्याच्या स्कॅनमध्ये डोक्याचं तोंडही येतं, हे मात्र राहून गेलं होतं!

"वेळ संपली! चहा! जांभळा रंग लागला!" ते ओरडले.

"अहो, दोन मिनिटं," संचालक म्हणाले.

भिंतीवर आधी कान उगवले. मग हनुवटी. मग नाक! केस नाहीत, डोळे मिटलेले, तोंड सताड उघडं. लोकांनी भिंतीकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, पुन्हा भिंतीकडे पाहिलं.

"केस असते तर खात्रीने सांगता आलं असतं," कुणीतरी दयाबुद्धीने म्हणालं.

"मला नाही लागत केस," डॉक्टरबाई म्हणाल्या. "वीस वर्षं रोज बघतेय. तोंड असंच असतं." मग त्यांचा आवाज खाली आला. "अहो, स्कॅन काढण्याइतकं डोकं दुखत होतं तर मला सांगायचं नाही? मी कोण लागते तुमची?"

साहेबांना खरोखर लाज वाटली. काहीतरी बोलावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तर ते भिंतीवरच्यासारखंच दिसलं, म्हणून लगेच मिटलं.

इतक्यात मेंदूवाल्याला सुचलं. "म्हणजे आता ऑपरेशन होणार! मग आधीचा आणि नंतरचा, दोन्ही स्कॅन मिळतील!"

"वा! आठवा प्रकल्प!" संचालक खूश झाले.

"रुग्णाची परवानगी लागते!" साहेब गरजले. "रुग्ण देणार नाही! मी सांगतो ना!"

बाईंनी टेबलावरचा परवानगीचा लिफाफा शांतपणे फोडला. "कलम नऊ. 'पुढील सर्व उपचारांचे स्कॅन देण्यास रुग्ण राजी आहे. ही परवानगी मागे घेता येणार नाही.'"

"कुणी घातलं हे कलम?"

साहेबांनी फॉर्म उलटून पाहिला. कुठे पळवाट म्हणून सोडलेली नव्हती. काम कसं चोख!

बाईंनी तक्ता पुढे ओढला आणि सप्ताहाच्या महिनाभर आधीच्या सोमवारावर बोट ठेवलं. "इथे लिहिते ऑपरेशन. रंग कुठला देऊ?"

"लाल," साहेब सवयीने म्हणाले. मग खुर्ची हळूच तिच्याजवळ सरकवून त्यांनी विचारलं, "सुई बारीक असते ना गं?"