हरणाची कलेजी, अडीच पौंड

व्हर्जिल कोम्ब्सने प्लॅस्टिकच्या चौकटीचं पिस्तूल काउंटरवर परत ठेवलं आणि हात पँटला पुसला.

"वजनाला हलकं, कधी गंजणार नाही," दुकानदार डेन्व्हर म्हणाला. "हल्ली पोलीससुद्धा हेच वापरतात."

"आमच्या घरातला मिठाचा डबाही गंजत नाही. म्हणून तो मी नातीला वारसा म्हणून देत नाही."

डेन्व्हरने उसासा टाकला. महिन्याभरातली ही चौथी खेप होती. व्हर्जिलची नात रेलिन येत्या महिन्यात एकवीस वर्षांची होणार होती. लेक्सिंग्टनला नर्सिंग शिकत होती, पण हरणांचा मोसम सुरू झाला की पहाटे आजोबांच्या मचाणाखाली हजर. कोम्ब्स घराण्यात वडीलधाऱ्याने पुढच्याला एक बंदूक द्यायची, ही रीत होती. व्हर्जिलच्या बापानेही ती पाळली होती. फक्त त्याने दिलेलं पिस्तूल कसल्याशा स्वस्त मिश्रधातूचं होतं आणि त्याची चौकट बापाच्या आधीच गेली. आता त्या वारशातला एक स्क्रू उरला होता. तो व्हर्जिलने काडेपेटीत जपून ठेवला होता. रेलिनच्या हाती स्क्रू पडू नये, एवढंच त्याचं मागणं होतं.

"सगळं पोलादी दाखव," तो म्हणाला. "माझ्या पणतूच्या पोराच्या हातात शोभेल असं."

शेवटी एक स्टेनलेस रिव्हॉल्व्हर पसंत पडलं. अक्रोडाच्या लाकडाची मूठ, जाड नळी, अडीच पौंड वजन. व्हर्जिलने ते हातात तोललं, गोळ्यांचं चक्र फिरवून त्याचा आवाज ऐकला आणि चष्मा काढून डोळे पुसले.

"ओपलला विचारलंयस ना?" डेन्व्हरने हळूच विचारलं.

व्हर्जिल पैसे मोजू लागला. घरात सात बंदुका होत्या, आणि बायकोने, ओपलने, चार वर्षांपूर्वीच बजावलं होतं: "आठवी बंदूक या घरात आली, की मी बहिणीकडे गेले." बंदुकांच्या तिजोरीचा आकडा तिला पाठ होता. गोठा ती झाडायची. व्हर्जिलने पिकअपमध्ये बसून बराच विचार केला आणि त्याला एक जागा सुचली.

त्याने ते रिकामं रिव्हॉल्व्हर जुन्या मोज्यात घातलं, वर खाटकाचा पांढरा कागद गुंडाळला, चिकटपट्टी लावली आणि जाड पेनाने लिहिलं: 'हरणाची कलेजी'. ते पुडकं त्याने मोठ्या फ्रीझरच्या तळाशी, खऱ्या कलेजीच्या दोन पुडक्यांशेजारी ठेवलं. त्या घरात कलेजीला कोणी हात लावत नसे. शिकारीतलं काही टाकायचं नाही म्हणून ती ठेवायची, एवढंच.

पुढच्या शनिवारी कुंपणाचे खांब बदलून तो घरी आला. रोजच्यासारखं डोकावून बघावं म्हणून त्याने फ्रीझर उघडला. तळ रिकामा होता.

"ओपल! कलेजी कुठे गेली?"

"चर्चमध्ये." ओपल कणकेचे हात धूत होती. "आज शिकारीच्या मांसाचं जेवण आहे ना. ब्रदर लॉनींना कलेजी जिवापाड आवडते. तिन्ही पुडकी देऊन आले."

"तिन्ही?"

"पंचेचाळीस वर्षांत तू तिला तोंड लावलं नाहीस. आज कसली आठवण आली?"

व्हर्जिलला काहीतरी बोलणं भाग होतं. "आज... खावीशी वाटत होती."

"अगंबाई!" ओपलचा चेहरा उजळला. तिने लगेच फोन उचलला आणि पाद्री लॉनींच्या बायकोला सांगितलं, की व्हर्जिलसाठी कलेजीची भरलेली थाळी बाजूला ठेवा, कांदा जास्त घालून.

व्हर्जिल चर्चच्या मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरला, तेव्हा ब्रदर लॉनी एकटेच होते. अस्तन्या वर सारून त्यांनी पुडक्यावर सत्तूर उगारला होता.

"थांबा, ब्रदर!"

ठण्ण आवाज झाला. ब्रदर लॉनींनी सत्तूर डोळ्यांसमोर धरला. धारेला खाच पडली होती.

"ब्रदर व्हर्जिल," ते गंभीरपणे म्हणाले, "हे हरीण किती वयाचं होतं?"

मग त्यांनी कागद फाडला, मोजा काढला आणि आत पाहिलं. व्हर्जिलने एका दमात सगळी हकीकत सांगितली. बापाचा स्क्रूही सोडला नाही.

"मी खोटं बोलणार नाही, बरं का," ब्रदर लॉनी म्हणाले.

"बोलू नका. नुसतं बोलूच नका."

तेवढ्यात ओपल दारात आली. रिव्हॉल्व्हर व्हर्जिलच्या कोटात गेलं. "कशी निघाली हो कलेजी?"

ब्रदर लॉनींनी छताकडे पाहिलं. "बाई, सेवेच्या बावीस वर्षांत इतकी टणक कलेजी मी पाहिली नाही."

त्या संध्याकाळी साऱ्या मंडळींसमोर व्हर्जिलने कलेजीची अख्खी थाळी संपवली. ओपल समोर बसून कौतुकाने बघत होती. दुसऱ्यांदाही तिनेच वाढली.

रेलिनच्या वाढदिवसाला भेटीचा डबा उघडला गेला. तिने आधी चक्र बाहेर काढून ते रिकामं असल्याची खात्री केली. आजोबांनीच शिकवलं होतं. मग नळीवरून अंगठा फिरवला. "पापॉ," तिने आजोबांना विचारलं, "हा ओरखडा कसला?"

"डेन्व्हर घासून देईल," व्हर्जिल घाईने म्हणाला.

"सत्तुराचा आहे तो," ओपल म्हणाली.

व्हर्जिल तिच्याकडे बघतच राहिला. "तुला माहीत होतं?"

"या घरातलं मांस पंचेचाळीस वर्षं मी बांधते. कलेजीला कोपरे नसतात. आणि तुझं पुडकं बाळाच्या लंगोटासारखं बांधलेलं! उघडलं, रिकामं आहे ते पाहिलं, पुन्हा नीट बांधून चर्चमध्ये दिलं."

"अगं, ब्रदर लॉनींना तरी सांगायचंस!"

"त्यांना खोटं बोलता येत नाही. म्हणूनच नाही सांगितलं."

"पण मग बहिणीकडे का नाही गेलीस?"

"कशाला? ही बंदूक पोरीबरोबर जाणार. घरात सातच राहिल्या. तोंड उघडून विचारलं असतंस, तर मीच डबा बांधून दिला असता."

रेलिन हसून हसून खुर्चीवरून घसरायच्या बेतात होती. "ओरखडा घासायचा नाही," तिने ठरवून टाकलं. "माझ्या पोरीला मी हे ओरखड्यासकट देणार. आणि तो स्क्रूही द्या मला."

व्हर्जिलने काडेपेटी आणून दिली. त्याला फार बरं वाटत होतं. तेवढ्यात ओपलने त्याच्यापुढे पांढऱ्या कागदाचं एक पुडकं ठेवलं. घड्या सुरेख होत्या, आणि वर तिच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: 'रिव्हॉल्व्हर, स्टेनलेस'.

"माझ्यासाठी?" व्हर्जिलने विचारलं. "ओपल, आठवी?"

"उघड तर."

त्याने घाईघाईने चिकटपट्टी सोडवली. आत कलेजी होती.